सिग्नलला बंद पडणारी २३०ई: मिश्रणाच्या स्क्रूआधी चोरटी हवा शोधा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. काकांनी मस्कतहून परत येताना आणलेली १९८४ ची मर्सिडीज २३०ई, डब्ल्यू १२३ बॉडी, ऑटोमॅटिक गिअर. गाडी आता पुण्यात तुमच्याकडे आहे. सकाळी सेल्फ मारला की लगेच सुरू होते, पण पहिली पाच मिनिटं ॲक्सिलरेटरवर पाय ठेवावा लागतो. गरम झाल्यावर आयडलिंगला उभी राहते, पण थरथरते. सिग्नलला डी (पुढे जायच्या गिअर) मध्ये ठेवून ब्रेक दाबला की आरपीएम पडतात आणि एसी चालू असेल तर बंदच पडते. साठच्या पुढे पळताना मात्र काही तक्रार नाही. प्लग, पेट्रोल फिल्टर आणि पेट्रोल पंप बदलून झाले. मग एका मेस्त्रींनी ‘ट्यूनिंग’ केलं, त्यानंतर काळा धूर येऊ लागला. आता दुसरे म्हणतात, हे इंजेक्शन काढून टाका, कार्बोरेटर बसवून देतो.

कार्बोरेटर बसवू नका, ही पहिली आणि कळकळीची विनंती. तुम्ही लिहिलेल्या लक्षणांवरून तरी इंजेक्शन मुळात बिघडलेलं दिसत नाही. इंजिन कुठूनतरी चोरून हवा घेतंय, आणि ती गळती न शोधता हवा-पेट्रोलच्या मिश्रणाचा स्क्रू पिळून त्यावर पांघरूण घातलं गेलंय. ही यंत्रणा मी तीसेक वर्षं हाताळतोय. आयडलिंगच्या तक्रारी घेऊन आलेल्या गाड्यांत सगळ्यात जास्त वेळा दोष रबरात निघाला आहे, म्हणजे होज, सील आणि बूट यांत. चाळीस वर्षांचं रबर उन्हात आणि इंजिनच्या उष्णतेत किती टिकणार?

असं का होतं ते समजून घ्या, म्हणजे मेस्त्रींशी बोलताना तुमचा पाय डळमळणार नाही. तुमच्या गाडीतली यंत्रणा बॉशची के-जेट्रॉनिक. के म्हणजे जर्मनमधलं ‘अखंड’. १९७३ मध्ये ती पोर्शे ९११ वर आली आणि पुढे गोल्फ जीटीआय, व्होल्वो, आउडी, मर्सिडीज अशा कितीतरी गाड्यांवर बसली. तिच्यात कॉम्प्युटर नाही. इंजिन चालू असेपर्यंत चारही इंजेक्टर सतत फवारत असतात. किती फवारायचं हे ठरवते एक गोल तबकडी. एअर फिल्टरचा डबा उचलला की ती समोर दिसते, चहाच्या बशीपेक्षा थोडी लहान. इंजिन जितकी हवा ओढेल तितकी ती खाली दबते. तिच्या दांडीमुळे पेट्रोल वाटणाऱ्या फ्युएल डिस्ट्रिब्युटरमधला प्लंजर, म्हणजे बारीक दट्ट्या, वर उचलला जातो, आणि प्लंजरभोवतीच्या केसाएवढ्या चिरा तितक्या उघडून तितकंच पेट्रोल सुटतं.

थोडक्यात, ती तबकडी म्हणजे तराजू आहे. तराजूवरून गेलेल्या हवेलाच पेट्रोल मिळतं. तबकडीच्या पुढे कुठे फट असेल तर तिथून आत शिरलेल्या हवेचा हिशेबच होत नाही. इंजिनात हवा जास्त, पेट्रोल कमी, म्हणजे मिश्रण लीन. आयडलिंगला इंजिन फार थोडी हवा घेतं आणि मॅनिफोल्डमधला, म्हणजे सिलिंडरांना हवा पोचवणाऱ्या नळ्यांमधला, व्हॅक्यूम जोरात असतो, त्यामुळे छोटीशी चीरही मोठा वाटा उचलते. हायवेला थ्रॉटल, म्हणजे ॲक्सिलरेटरने उघडणारी हवेची झडप, उघडलं की व्हॅक्यूम घटतो, हवेचं एकूण प्रमाण कितीतरी पटींनी वाढतं, आणि तीच चीर नगण्य होते. साठच्या पुढे तुमची गाडी गुळगुळीत पळते याचा अर्थ हा आहे. पंप किंवा फिल्टर दोषी असता तर उलट झालं असतं. आयडलिंग बरं आणि चढावर दम तुटला असता. पंप बदलायची गरज बहुधा नव्हतीच.

आता कामाला लागू. डब्ल्यू १२३ च्या बऱ्याच गाड्यांत मीटरमध्ये आरपीएमच्या जागी मोठं घड्याळ असतं. तुमच्यात तसं असेल तर आधी कुणाकडून हातातला टॅकोमीटर आणा. कानाने आरपीएम सांगणारे उस्तादसुद्धा शंभर-दीडशेने चुकतात. गरम इंजिन, पी (पार्किंग) मध्ये, एसी बंद, अशा स्थितीत ७५० ते ८०० च्या आसपास आकडा हवा. आणखी एक गोष्ट याच वेळी उरकून घ्या. काटा स्थिर आहे पण स्टिअरिंग आणि सीट हलतेय, असं दिसलं तर इंजिन नीट चालतंय, खाली बसलेत ते इंजिनचे फाउंडेशन, म्हणजे ज्या रबरांवर इंजिन बसतं ती रबरं. फाउंडेशन खचलेल्या गाड्यांचं ट्यूनिंग करत बसलेले लोक मी पाहिलेत. तुमच्या गाडीत आरपीएम खरंच पडतात, म्हणून फाउंडेशन हे एकमेव कारण नाही, पण चाळीस वर्षांचे असतील तर तेही बदलायचेच आहेत.

पहिली तपासणी फुकटची आहे. इंजिन गरम करून आयडलिंगला सोडा आणि ऑइल भरायचं टोपण काढा. इंजिनच्या पोटातली हवा होजमधून इनटेकला जोडलेली असते. त्यामुळे टोपण काढणं म्हणजे मुद्दाम मोठी गळती करणं. निरोगी इंजिन लगेच अडखळतं, कधी बंदही पडतं. टोपण काढूनही इंजिनला काहीच फरक पडला नाही, तर समजा, गळती आधीपासूनच मोठी आहे, त्यात आणखी एक भोक पडलं तर त्याला काय कळणार! टोपणाचं रबर आणि डिपस्टिकचं रबरही याच वेळी बघून घ्या. दोन्ही दगडासारखी झालेली असतात आणि दोन्हीतून हवा जाते.

त्यानंतर थेट रबरी बुटाकडे जा. तबकडीचा डबा आणि थ्रॉटल यांच्या मध्ये एक जाड, काळा, घड्या असलेला बूट असतो, आणि तो डब्याच्या बरोबर खाली लपलेला असतो. वरून बघितलं की सगळं ठीक दिसतं. चीर पडते ती खालच्या घडीत.

काही वर्षांपूर्वी माझ्याकडे १९८३ ची अशीच एक २३०ई आली होती. तीन गॅरेज फिरून आलेली. पी मध्ये ती इतकी शांत उभी राहायची की मालकावर विश्वास बसेना. डी मध्ये टाकली की मात्र घरघर आणि बंद. मी बॅटरी आणि एक छोटा आरसा घेऊन बसलो, काही दिसलं नाही. मग इंजिन बंद करून हात खाली घातला आणि बोटं घडीच्या आत फिरवली, तेव्हा एका जागी रबर ओठासारखं उघडलं. बोटाला काळा चिकट थर लागला. माझ्या मुलाला गाडीत बसवलं, ब्रेक दाबून डी मध्ये टाकायला सांगितलं आणि मी बाजूला उभा राहून बघितलं. गिअर पडला की इंजिन एका अंगावर कलतं, आणि त्या कलण्याने बुटाची ती चीर उघडत होती. पी मध्ये परत आलं की चीर मिटायची. तुमचीही गाडी डी मध्ये जास्त त्रास देते, म्हणून हा बूट माझ्या संशयितांच्या यादीत सर्वांत वर आहे. असं बघताना हँडब्रेक ओढलेला, चाकांना ठोकळे लावलेले आणि कुणीही गाडीच्या पुढे उभं नाही, याची खात्री करा.

बूट बदलायचा तर फ्युएल डिस्ट्रिब्युटरसकट वरचा सगळा जोड उचलावा लागतो, पेट्रोलचे पाइप सोडावे लागतात, परत बसवताना तांब्याचे नवे वॉशर घालावे लागतात. अर्ध्या दिवसाचं काम. म्हणूनच मेस्त्री त्यावर सिलिकॉन फासून मोकळे होतात. सिलिकॉन पेट्रोलच्या वाफेपुढे टिकत नाही, आणि त्याचा सुटलेला तुकडा आत गेला तर आणखी एक भानगड. नवा बूटच घाला. मिळतो.

बुटानंतर इंजेक्टर. या इंजिनात प्रत्येक इंजेक्टर एका सीलमध्ये दाबून बसवलेला असतो. सील कडक झालं की त्याच्या कडेने हवा शिरते. इंजेक्टर बोटाने धरून हलवून बघा. सहज गरगर फिरला तर सील संपलं. चार सीलचा खर्च किरकोळ आहे, काम तासाभराचं. या टप्प्यावर चारही बदलूनच टाका, तपासत बसू नका.

मग व्हॅक्यूमचे पाइप. इथे तुमच्या वाक्यातला एक शब्द मला महत्त्वाचा वाटतो: तुम्ही लिहिलंय, ‘ब्रेक दाबला की’ आरपीएम पडतात. पी मध्ये, इंजिन गरम असताना, ब्रेकचं पेडल दाबून दहा सेकंद धरून ठेवा. क्षणभर आरपीएम हलणं साहजिक आहे. पण धरून ठेवेपर्यंत इंजिन अडखळत राहिलं किंवा पेडलजवळ हवेचा फुसफुस आवाज आला तर ब्रेक बूस्टरचा, म्हणजे व्हॅक्यूमने ब्रेकचा जोर वाढवणाऱ्या डब्याचा, पडदा फाटलेला आहे. हा नुसता आयडलिंगचा प्रश्न नाही. अशी गाडी रस्त्यावर काढू नका.

डब्ल्यू १२३ चं सेंट्रल लॉकिंगही व्हॅक्यूमवर चालतं. दारांतले आणि डिकीतले छोटे रबरी पडदे फाटले की प्रत्येकाची थोडी थोडी गळती मॅनिफोल्डपर्यंत पोचते. इंजिन बंद केल्यावर थोड्या वेळाने किल्ली फिरवून बघा. एकच दार लॉक होत असेल आणि बाकीची हलत नसतील तर गळती तिथे आहे. लॉकिंगकडे जाणारा पाइप इंजिनाजवळ चिमट्याने दाबून धरला आणि आयडलिंग सुधारलं, तर उत्तर मिळालं. गिअरबॉक्सच्या बाजूला व्हॅक्यूम मॉड्युलेटर असतो. त्याचा पाइप उपसून आत बघा. लाल तेलाने ओला असेल तर त्याचाही पडदा गेलाय आणि इंजिन गिअर ऑइल पितंय. तेव्हा सायलेन्सरमधून पांढरा धूर येतो आणि गिअरही धक्क्याने पडतात.

गळती शोधायला आता बऱ्याच गॅरेजमध्ये धुराचं मशीन असतं. ते मिळत असेल तर सगळ्यात उत्तम, अर्ध्या तासात काम होतं. नसेल तर बाटलीतलं साधं पाणी हळूहळू एकेका जोडावर सोडा. पाण्याने चीर क्षणभर बुजते आणि इंजिनचा आवाज बदलतो. डिस्ट्रिब्युटर कॅप (ही प्लगना करंट वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरची, फ्युएल डिस्ट्रिब्युटरची नव्हे) आणि करंटच्या वायरींवर मात्र ते जाऊ देऊ नका. गरम इंजिनावर पेट्रोल किंवा कार्ब क्लीनर फवारून गळती शोधणारे आहेत. एक्झॉस्ट मॅनिफोल्ड त्या वेळी तापलेला असतो. मी माझ्याकडे काम करणाऱ्या मुलांना ते करू देत नाही. तुम्हीही कुणाला करू देऊ नका.

हवेचा बंदोबस्त झाला की करंट. यावर फार लिहीत नाही, कारण प्लग बदलून झालेत. फक्त नव्या प्लगची फट ०.८ मिलिमीटर आहे ना, ते बघा, आणि डिस्ट्रिब्युटर कॅप उघडा. आत पेन्सिलीने ओढल्यासारखी काळी बारीक रेघ दिसली की कॅप बाद. पावसाळ्यात पुण्यासारख्या हवेत करंट वायरीच्या बाहेरून पळतो. रात्री अंधारात बॉनेट उघडून इंजिन चालू ठेवलं की निळ्या ठिणग्या उघड दिसतात. एकेका प्लगची वायर हाताने काढून मिसिंग (न पेटणारा सिलिंडर) शोधण्यापेक्षा इन्सुलेटेड चिमटा वापरा. या इग्निशनचा झटका साधा नाही.

आता सकाळच्या पाच मिनिटांकडे येऊ. थंड इंजिनाला दोन मदतनीस असतात. एक ऑक्झिलरी एअर व्हॉल्व्ह, जो थंडीत थ्रॉटलला बगल देऊन जास्तीची हवा सोडतो आणि इंजिन गरम होईल तसतसा बंद होतो. ही हवा तबकडीवरून मोजून येते, त्यामुळे तिला पेट्रोलही मिळतं आणि आरपीएम वाढतात. दुसरा वॉर्म-अप रेग्युलेटर, जो थंडीत प्लंजरवरचा दाब कमी ठेवून मिश्रण रिच करतो, म्हणजे त्यात पेट्रोल वाढवतो. पहिल्याची परीक्षा सोपी. सकाळी थंड इंजिन सुरू केल्यावर त्याचा होज चिमटीत दाबा. आरपीएम पडले तर व्हॉल्व्ह उघडा आहे, ठीक आहे. काहीच फरक नाही, तर तो बंद स्थितीत अडकलाय. इंजिन गरम झाल्यावर पुन्हा दाबा. आता फरक पडता कामा नये. पडला तर तो उघडा राहिलाय. बऱ्याचदा आतली चकती ऑइलच्या काजळीने चिकटलेली असते, काढून धुतली की चालू होते.

दोन्हीत विजेवर तापणारी, दोन धातूंची दुपदरी पट्टी असते. म्हणून इंजिन चालू असताना दोन्हीच्या प्लगला बारा व्होल्ट येतात की नाही, ते मल्टिमीटरने बघा. व्होल्टेज येत नसेल तर सुटे भाग बदलण्याआधी रिले आणि वायरी तपासा. मी एका गाडीत वॉर्म-अप रेग्युलेटर नवा घातलेला पाहिला, महागडा, आणि दोष होता तो हिरवट गंज चढलेल्या प्लगच्या पिनेत.

इथपर्यंत सगळं घरी किंवा साध्या गॅरेजमध्ये होतं. पुढच्या तपासणीला के-जेट्रॉनिकचं प्रेशर गेज लागतं, आणि ज्याच्याकडे ते नाही त्याने या यंत्रणेबद्दल निदान करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. गेज डिस्ट्रिब्युटर आणि वॉर्म-अप रेग्युलेटर यांच्या मध्ये जोडतात, त्याला एक व्हॉल्व्ह असतो. व्हॉल्व्ह बंद केला की सिस्टिम प्रेशर (यंत्रणेचा मूळ दाब), उघडला की कंट्रोल प्रेशर (प्लंजरवरचा दाब). सिस्टिम प्रेशर पाच बारच्या वर, साडेपाचच्या आसपास. कंट्रोल प्रेशर थंडीत बरंच खाली आणि काही मिनिटांत चढत जाऊन गरम इंजिनाला साडेतीन बारच्या जवळपास. नेमका आकडा तुमच्या रेग्युलेटरवरच्या नंबराप्रमाणे कंपनीच्या डेटामधून काढा. कंट्रोल प्रेशर थंडीतच उंच असेल तर मिश्रण सकाळी लीन राहणार, आणि तुम्हाला पाय ठेवावा लागणार. गरम झाल्यावरही ते खालीच राहिलं तर मिश्रण रिच, प्लग काळे, आणि आयडलिंग लडखडतं. गेजच्या दोन आकड्यांत जे कळतं ते चार सुटे भाग बदलून कळत नाही.

पंप नवा घातलाय, तरी त्याची एक परीक्षा करून घ्या. परतीचा पाइप मापाच्या डब्यात सोडा आणि रिले बायपास करून पंप चालवा. चाळीस सेकंदांत एक लिटर पेट्रोल आलं पाहिजे. कमी आलं तर पंपाला दोष देण्याआधी टाकीच्या तळाची जाळी काढा. मोठ्या षटकोनी नटाखाली ती असते आणि जुन्या टाकीतला गंज तिथे गाळासारखा बसलेला असतो. हे काम उघड्यावर, बॅटरीची केबल काढून, विझवणारं सिलिंडर हाताशी ठेवून करा.

गंजावरून आठवलं, गाडी वर्षात किती दिवस उभी असते? पावसाळ्यात चार महिने झाकून ठेवत असाल तर प्लंजर बघायलाच हवा. आता आपल्याकडे पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं आणि इथेनॉल हवेतलं पाणी शोषून घेतं. डिस्ट्रिब्युटरमधला प्लंजर इतक्या बारीक मापाचा असतो की त्यावर गंजाची एक रेष आली तरी तो अडकतो. पंप काही सेकंद चालवून दाब भरा, मग बंद करून तबकडी बोटाने हलकेच खाली दाबा. सगळ्या प्रवासात सारखा, मऊ विरोध जाणवला पाहिजे. कुठे अडखळ, कुठे एकदम मोकळी, असं लागलं तर प्लंजर चिकटतोय. चारी बाजूंनी तबकडी आणि भिंतीत सारखी फट आहे ना, तेही बघा. एका कडेला घासत असेल तर आयडलिंग कधीच स्थिर होणार नाही. हे करताना पंप चालू ठेवून तबकडी दाबू नका, इंजेक्टर सिलिंडरमध्ये पेट्रोल ओततील. प्लंजर काढावा लागला तर स्वच्छ पेट्रोलने धुवा, पॉलिश पेपर लावू नका, आणि फरशीवर पडू देऊ नका. पडला की डिस्ट्रिब्युटर संपला.

इंजेक्टरची तुलना करायची तर चारही बाहेर काढून चार सारख्या काचेच्या बाटल्यांत सोडा, पंप चालवा आणि तबकडी किंचित दाबून धरा. आयडलिंगला जितकी दबते, तितकीच. बाटल्यांतली पातळी सारखी हवी आणि फवारा शंकूसारखा, धुक्यासारखा हवा. एखाद्यातून धार पडत असेल किंवा दाब सोडल्यावर थेंब गळत असेल तर तो बदला. हायवेच्या फवाऱ्यावर सगळे इंजेक्टर चांगले दिसतात, फरक कळतो तो या बारीक मापातच. थंडीत पेट्रोल देणारा पाचवा इंजेक्टरही याच वेळी काढून पुसून ठेवा. मिनिटभरात टोकाला थेंब जमला तर तुमच्या काळ्या धुरात त्याचाही हात आहे.

इतकं सगळं झाल्यावर, आणि त्यानंतरच, मिश्रणाचा स्क्रू. तबकडी आणि डिस्ट्रिब्युटर यांच्या मधल्या भोकात तो असतो, लांब ३ मिलिमीटर ॲलन कीने फिरतो. कंपनीने त्या भोकावर सील बसवलेलं असतं. तुमच्या गाडीत ते नसणार, हे मी न बघता सांगतो. तरुण असताना मी स्वतः ही चूक केली आहे. एका गाडीत गळती सापडेना, मी स्क्रू पाव फेरा आत पिळला, आयडलिंग सुंदर झालं, मालक खूश. तीन आठवड्यांनी दुसऱ्या कुणीतरी फुटलेला होज बदलला आणि गाडी काळा धूर ओकू लागली. मालकाने सगळा दोष त्या होज बदलणाऱ्याला दिला. दोष माझा होता. मी जाऊन तसं सांगितलं आणि गाडी परत सेट करून दिली. तुमच्याकडेही गळती बंद केल्यावर धूर वाढेल, हे आधीच सांगून ठेवतो. घाबरू नका. स्क्रू लीनच्या बाजूला आणायची वेळ झाली, इतकाच त्याचा अर्थ.

हे काम कानाने करू नका, पीयूसी केंद्रातल्या यंत्राच्या समोर करा. जुन्या पेट्रोल गाड्यांना कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ३ टक्के आहे, पण तुम्हाला त्या मर्यादेला चिकटायचं नाही. एक टक्क्याच्या आसपास हे इंजिन छान चालतं. की घालून हलकेच दाबा, घड्याळाच्या काट्याच्या दिशेने रिच, उलट दिशेने लीन. एका वेळी अगदी बारीक हलवा, एक अष्टमांश फेरासुद्धा इथे फार मोठा असतो. की बाहेर काढा, एकदा ॲक्सिलरेटर देऊन सोडा, अर्धा मिनिट थांबा, मग आकडा वाचा. की आत असताना रेस कधीही करू नका, दांडी वाकते. मिश्रण झालं की बायपासच्या (थ्रॉटलला बगल देणाऱ्या हवेच्या) स्क्रूने आरपीएम जुळवा आणि पुन्हा कार्बन मोनॉक्साइड बघा. थ्रॉटलचा स्टॉप स्क्रू पिळून आरपीएम चढवू नका.

इथेनॉलचा या मापाशी थेट संबंध आहे. शुद्ध पेट्रोलला एका किलोमागे १४.७ किलो हवा लागते, २० टक्के इथेनॉलवाल्याला साधारण साडेतेरा. नव्या गाड्यांत ऑक्सिजन सेन्सर असतो, कॉम्प्युटर पेट्रोल वाढवून घेतो. तुमच्या २३०ई ला ते कळत नाही, तिचा तराजू १९८४ च्या पेट्रोलवर जुळवलेला आहे. म्हणून सगळं निरोगी असतानाही आजच्या पेट्रोलवर ती थोडी लीन चालणार, आणि सगळ्या दुरुस्त्यांनंतर स्क्रू किंचित रिचकडे न्यावा लागला तर त्यात गैर काही नाही. पेट्रोलचे रबरी होजही इथेनॉल सोसणारे घाला. जुने आतून फुगतात, आणि त्यांचे कण पुढे डिस्ट्रिब्युटरच्या चिरांत जाऊन बसतात.

एवढं करूनही आयडलिंग सुधारलं नाही तर इंजिनाच्या पोटात शिरावं लागेल. व्हॅक्यूम गेज मॅनिफोल्डला लावा. मुंबईत निरोगी इंजिन पाऱ्याचे १८ ते २१ इंच दाखवतं, पुणे समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर असल्याने तुमच्याकडे दीड-दोन इंच कमी दिसेल, ते दोष समजू नका. काटा स्थिर पण बराच खाली असेल तर टायमिंग चेन ताणलेली असण्याचा संशय घ्या, या इंजिनाच्या सुरुवातीच्या गाड्यांत ती एकपदरी होती. काटा तालात थडथडत असेल तर एखादा व्हॉल्व्ह नीट बसत नाहीये, सिलिंडरांचं कॉम्प्रेशन (आतला दाब) मोजून घ्या.

आणि कार्बोरेटरवाल्या मेस्त्रींना दुखवू नका, त्यांनी ही यंत्रणा शिकलेलीच नाही, कुणी शिकवली नाही. फक्त एक करा, कुणीही काहीही काढलं तरी डिस्ट्रिब्युटर, वॉर्म-अप रेग्युलेटर आणि पाइप घरी आणून ठेवा, भंगारात जाऊ देऊ नका. हे भाग आता सोन्याच्या मोलाचे आहेत.

या रविवारी इतकंच करा: टॅकोमीटरवर आकडा, ऑइलच्या टोपणाची परीक्षा, ब्रेकचं पेडल दहा सेकंद, सकाळी आणि गरम असताना ऑक्झिलरी व्हॉल्व्हचा होज दाबून बघणं, आणि बुटाच्या खालच्या घडीत बोट. पाचही गोष्टींचं काय झालं ते जसंच्या तसं मला लिहून पाठवा, पी मधला आणि डी मधला आकडा वेगवेगळा लिहा. त्यावरून प्रेशर गेज लावायची वेळ आली आहे की नाही, ते मी सांगतो.